फुकटचा कांदा आणि लाल लघवी: चांदवड भागातल्या एका छोट्या गोठ्याचं प्रकरण

उन्हाळ कांदा निघायला लागला की नाशिक जिल्ह्यात चांदवड, देवळा, येवला, निफाड सगळीकडे एकच धांदल असते, मजूर मिळत नाही, मिळाला तर दुसरा शेतकरी दहा-वीस रुपये जास्त देऊन पळवून नेतो, आणि नेमकं त्याच दिवसात गोठ्यातला चारा संपत आलेला असतो. वावरात कांद्याचा ढीग आणि गव्हाणीत काही नाही. मग हात आपोआप त्या ढिगाकडे जातो. हे प्रकरण त्याचंच आहे. कुटुंबाला विचारून लिहितोय, गाव सांगत नाही, नावं घेत नाही, गाईचं नाव पण बदललंय. मी गोठ्यांवर फिरून चारा आणि दुधाचा हिशोब बसवून द्यायचं काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस वगैरे इथे शोधू नका. निर्णय कुठे कुठे झाले आणि प्रत्येक वेळी समोर काय दिसत होतं, एवढंच मांडतोय.

पार्श्वभूमी

अडीच एकर जमीन, त्यातला सव्वा एकर उन्हाळ कांदा. एक विहीर, मार्चच्या शेवटी मोटर तासभर पण चालत नाही. गोठ्यात दोन एचएफ क्रॉस (होल्स्टीन जातीच्या संकरित) गाई, एक कालवड, सात शेळ्या, दोन बोकड आणि अंगणात गावरान कोंबड्या. घरात दादा, वहिनी, आजी आणि दहावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली मुलगी. गोठ्याचं निम्मं काम वहिनी आणि आजीच बघतात, दादा कांद्यात.

मोठी गाय चंद्री. व्यायला चार महिने झालेले, 14 लिटरवर दूध, दोन-अडीच महिन्यांची गाभण. धाकटी गाय 9 लिटरवर. घरखर्च, किराणा, मुलीची फी सगळं दुधावर, कांद्याचा पैसा आला तर तो सोसायटीच्या कर्जाला. चंद्री म्हणजे त्या घराचा पगार आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

एप्रिलमधला तिथला दिवस असा. पहाटे पाचला धार, सहाला किटली डेअरीवर, सातच्या आत सगळे कांद्यात कारण अकरानंतर वावरात उभं राहवत नाही. बाया पात कापत जातात, एका हातात विळा, मान एक-दीड इंच ठेवून पात उडवायची आणि कांदा मागे टाकायचा. त्याच वेळी निवड होते. चांगला माल कांदाचाळीत साठवायला, गोल्टी म्हणजे लहान कांदा वेगळा, आणि चिंगळी (अगदी बारीक कांदा), जोड (दोन चिकटलेले), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), विळा लागलेला, उन्हाने चट्टा पडलेला असा सगळा माल बांधाला. त्या वर्षी बांधावरचा ढीग मोठा होता, कारण फेब्रुवारीत थंडी-ऊन वरखाली झालं आणि डेंगळे जास्त निघाले. चिंगळी मार्केटला न्यायची म्हटलं तर भाडं सुटत नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

चारा. बाजरीचं सरमाड मार्चमध्येच संपलं. मक्याची वैरण थोडी होती ती पण संपत आलेली. बांधावरचं गिन्नी गवत पाण्याअभावी पिवळं पडलं, लसूण घासाचे दोन वाफे होते ते कांद्याला पाणी पुरावं म्हणून सोडून दिले. गव्हाचा भुसा होता, पण नुसत्या भुश्यावर 14 लिटरची गाय टिकत नाही.

त्यात ऊन. पारा 38-39 ला गेला की क्रॉस गाय दुपारी खातच नाही, तोंड उघडं ठेवून धापा टाकते, पाणी मागते. दुभत्या गाईला अशा दिवसात 80-100 लिटर पाणी सहज लागतं आणि इथे टँकरची वाट बघायची. म्हणजे चारा कमी आणि जो आहे तो खाण्याची इच्छा पण कमी.

तेव्हा समोर काय पर्याय होते

लोक नंतर म्हणतात की कांदा कशाला घातला, समजत नव्हतं का. म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. घरात बसून दादा-वहिनींनी खरंच विचार केला होता.

पहिला पर्याय, मुरघास म्हणजे हवाबंद मुरवलेला मक्याचा चारा विकत घेणे. भाव सांगत होते सात-आठ रुपये किलो. दोन गाईंना रोज 40 किलो धरलं तर तीनशे रुपये झाले. दोन्ही गाईंचं दूध 23 लिटर, लिटरला तीसच्या आसपास, म्हणजे सातशेच्या आत. त्यातून सरकी पेंड आणि गोळी पेंडीचे दोनशे-सव्वादोनशे जातातच. हातात राहतं काय? दीडशे-दोनशे. तेव्हा तो आकडा कागदावर बघून वहिनी म्हणाल्या होत्या, "अहो, मग गाई कुणासाठी पाळायच्या?"

दुसरा, उसाचे वाढे, म्हणजे तोडलेल्या उसाचे शेंडे. निफाडकडून गाडी यायची, पण गळीत हंगाम संपत आलेला, जे येत होतं ते वाळकं आणि महाग. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दुभत्या गाईला नुसते वाढे घालणं तसंही बरं नाही. थोडे घेतले.

तिसरा, धाकटी गाय विकणे. एप्रिलमध्ये सगळेच विकायला काढतात. व्यापारी आला, दात बघितले, कास बघितली आणि जो भाव सांगितला तो ऐकून आजी आत निघून गेल्या.

चौथा, बांधावरचा कांदा. फुकट, दारात, रसरशीत. शेजारी घालतात. शेळ्या तर आधीपासून ढिगावर चढून खातच होत्या आणि ठणठणीत होत्या. पूर्वी घरात बैल होते तेव्हा त्यांना कांद्याची पात टाकायचे ते आजींना आठवत होतं.

मग चौथा पर्याय निवडला, आणि त्या दिवशी त्यांच्या जागी बसून बघितलं तर तो वेडेपणा नव्हता. थोड्या प्रमाणात, बाकी चाऱ्यात नीट मिसळून कांदा जनावराला घालता येतो हे खरंच आहे. पशुआहाराच्या पुस्तकांमध्ये गाईसाठी जी मर्यादा सांगितलेली असते ती अशी की गाय दिवसभरात जेवढं कोरडं वजन खाते, म्हणजे पाणी वगळून, त्याच्या पाव हिश्श्यावर कांदा जाऊ नये. पण गोठ्यात हे कोण मोजतं? तिथे माप एकच, घमेलं.

घमेल्याचा हिशोब

हा हिशोब आम्ही सगळं झाल्यावर बसून केला. रोज दोन गाईंना मिळून पाच घमेली कांदा जायचा. एक घमेलं वजनकाट्यावर ठेवलं, साडेनऊ किलो भरलं. म्हणजे 47-48 किलो. दोघींत वाटला तर प्रत्येकीला 24 किलो. कांद्यात बहुतेक पाणीच, कोरडा भाग 12 टक्के धरला तर 24 किलोतून तीन किलोच्या आत. चांगलं खाणारी गाय दिवसाला 12 किलो कोरडं खाते, त्यातला पाव म्हणजे तीन. कागदावर जेमतेम बसतं.

पण गोठा कागदावर चालत नाही. गव्हाण दोघींची एक होती. चंद्री मोठी, शिंगाने धाकटीला ढकलायची, कांदा वेचून खायची आणि भुसा मागे ठेवायची. मुलीने नंतर सांगितलं की धाकटीच्या बाजूला कांदा उरायचाच नाही. आमच्या अंदाजाने चंद्रीच्या पोटात रोज 33 किलोच्या आसपास जात होता, म्हणजे चार किलो कोरडा. आणि उन्हामुळे तिचं एकूण खाणं 12 वरून नऊवर आलेलं. चार भागिले नऊ करून बघा. चाळीस टक्क्यांच्या पुढे.

त्यात अजून एक गोष्ट, कांदा चिरून, कुट्टीत घालून दिलेला नव्हता. कुट्टी मशीनला लाईट लागते आणि दिवसाची लाईट कांद्याच्या पाण्यासाठी. म्हणून अख्खाच टाकायचे. अख्खा कांदा म्हटल्यावर वेचून खाणं आलंच.

पहिला इशारा: दूध परत आलं

कांदा सुरू करून चार-पाच दिवस झाले असतील, डेअरीवर सकाळचं दूध नाकारलं. फॅट बरोबर, डिग्री (दुधाचा दाटपणा) बरोबर, पण वास. झाकण उघडल्या उघडल्या कांद्याचा वास. दादा किटली घेऊन परत आले, वहिनींनी त्याचं दही लावलं, ते पण खाववेना.

इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो निर्णय आहे असं कुणालाच वाटलं नाही. डेअरीवरच्या एकाने सल्ला दिला की कांदा धारेच्या आधी घालू नका, धार काढून झाल्यावर घाला, वास येणार नाही. सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. खाल्ल्यानंतरच्या काही तासांत दुधात वास जास्त उतरतो, नंतर कमी होत जातो. दादांनी वेळ बदलली, वास गेला, दूध परत चालू. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला.

सुटला तो वासाचा. गाईच्या पोटात जाणारा कांदा तेवढाच होता, एक किलोने पण कमी झाला नाही. दुधाला वास येतोय म्हणजे हिच्या पोटात कांदा जास्त होतोय का, हा प्रश्न त्या सकाळी कुणी विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला वाटतं. डेअरीवाल्याचं काम दुधापुरतं, त्याला मी दोष देत नाही. पण डेअरीवर रोज शंभर गोठ्यांचं दूध येतं, कुणाच्या गोठ्यात काय बिघडतंय हे सगळ्यात आधी तिथे कळतं, आणि ते कळलेलं तिथेच राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

लाल लघवी

त्यानंतर आठवडाभराने वहिनींना चंद्री सुस्त वाटली. दूध 14 वरून 11, मग 9. ऊन आहे म्हणून होत असेल असं धरलं. गोठ्यावर शेडनेट टाकलं, दुपारी अंगावर पाणी मारलं. मग एका संध्याकाळी धारेला बसल्या असताना गाईने लघवी केली आणि वहिनी उठूनच उभ्या राहिल्या. काळ्या चहासारखा रंग, वर फेस.

लाल लघवी म्हटलं की आपल्याकडे एकच उत्तर तयार असतं, गोचीड. उन्हाळ्यात गोचीड वाढतात, क्रॉस गाईंना त्याचा त्रास जास्त होतो, बबेसिया नावाचा जंतू गोचिडातून रक्तात जातो, तांबड्या पेशी फोडतो आणि लघवी लाल होते. हे सगळं खरं आहे. म्हणून रात्रीच गावातल्या इंजेक्शन देणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने कासेजवळ दोन गोचीड दाखवले, गोचीड तापाचं इंजेक्शन टोचलं, उद्या लघवी साफ होईल म्हणाला आणि गेला.

थर्मामीटर लावला नाही. हे मी परत परत सांगतो लोकांना. गाईचं नॉर्मल टेंपरेचर 101.5 फॅरनहाइटच्या आसपास असतं. बबेसियात ताप चढतो, 104, 105, त्याच्यापण वर जातो. दोनशे रुपयांचं थर्मामीटर त्या रात्री गुदद्वारात दोन मिनिटं धरलं असतं तर ताप नाही हे कळलं असतं आणि गोचिडावरचा विश्वास तिथेच डळमळला असता. आणि ते इंजेक्शन म्हणजे काही सलाईनचं पाणी नाही, आधीच रक्त कमी झालेल्या गाईला उगाच द्यायचं औषध नाही ते.

दुसऱ्या दिवशी लघवी तशीच. गाय उभी, पण मान खाली, श्वास भरभर. तो अख्खा दिवस औषधाचा गुण येईल म्हणून वाट बघण्यात गेला. घरी त्या दिवशी चाळ भरायला बारा माणसं होती, ते पण विसरून चालणार नाही.

डॉक्टर आले तेव्हा

तिसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी आधी टेंपरेचर घेतलं, 101. मग खालची पापणी उलटून बघितली. मुलीला पण दाखवली, गुलाबी असायला हवी ती पांढरीफटक. मानेखालच्या, खांद्यापुढच्या गाठी चाचपल्या, सुजलेल्या नव्हत्या.

मग एक सोपी गोष्ट केली जी कुणालाही करता येते. प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत लघवी धरली आणि गोठ्याच्या ओट्यावर ठेवून दिली, हलवू नका म्हणाले. अर्ध्या तासाने बघितलं तर तळाला काही बसलं नव्हतं, वरपासून खालपर्यंत एकसारखा रंग. लघवीच्या वाटेत जखम असेल, मुतखडा वगैरे असेल तर रक्ताच्या पेशी तळाला बसतात आणि वरचं पाणी निवळतं. इथे निवळलं नाही, म्हणजे पेशी शरीराच्या आतच फुटतायत आणि त्यातलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर येतंय.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या पंधरा दिवसात हिच्या पोटात काय काय गेलं ते सगळं सांगा दादा."

"नेहमीचंच साहेब. भुसा, थोडे वाढे, सरकी, गोळी पेंड, मका संपला आता."

"फ्लॉवर, कोबीचा पाला? नवीन काही?"

"नाही साहेब."

दादा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात चारा म्हणजे जो विकत घेतला किंवा पेरला तो. बांधावरचा टाकाऊ माल त्या यादीत येतच नव्हता. दारातून मुलगी म्हणाली, "पप्पा, कांदे पण टाकतो ना आपण." डॉक्टरांनी गव्हाणीत हात घातला, तळाला ओल्या भुश्यात कांद्याची टरफलंच टरफलं. किती दिवस, किती घमेली, दोघींना एकत्र का वेगळं, सगळं विचारून घेतलं.

दादांचा लगेच प्रश्न आला, आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे. "शेळ्या तर हिच्या आधीपासून खातायत, त्यांना का काही नाही?" डॉक्टरांनी सांगितलं ते असं. कांद्यात गंधकाचे पदार्थ असतात, ज्यामुळे डोळ्यात पाणी येतं त्याच घराण्यातले. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून जी द्रव्यं तयार होतात ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला खराब करतात, मग तांबड्या पेशीच्या कडेला गाठी धरतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि अशा पेशी टिकत नाहीत, फुटतात. सगळ्या जनावरांना हे सारखं होत नाही. गोठ्यातल्या जनावरांत गाय-बैलांना सगळ्यात लवकर, शेळ्या-मेंढ्या बऱ्याच सहन करतात. म्हणून शेळी ठणठणीत आहे यावरून गाय सुरक्षित आहे असं धरता येत नाही. आणि परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, आठवडाभर पेशी फुटत राहतात तेव्हा कुठे लघवी लाल होते, म्हणून लोकांना कांदा आणि लघवी यांचा संबंध लागत नाही.

स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्यावर पण अशीच लघवी होते, पण ते जास्त करून व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, चंद्रीला चार महिने झालेले. तरी खात्रीसाठी रक्त लॅबला पाठवलं. रिपोर्टमध्ये बबेसिया नाही, थायलेरिया (गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू, त्यात गाठी सुजतात) नाही, हाइन्झ बॉडी दिसल्या, आणि हिमोग्लोबिन पाचच्या आत. गाईला ते 8 ते 15 असतं.

रक्त द्यायचं की थांबायचं

कांद्याच्या विषबाधेवर उतारा असं औषध नाही. कांदा बंद करायचा आणि शरीर नवीन रक्त बनवेपर्यंत गाय सांभाळायची, एवढंच हातात असतं. प्रश्न होता की तेवढा वेळ तिच्याकडे आहे का.

एक मार्ग रक्त देण्याचा. गाईंमध्ये पहिल्या वेळी दुसऱ्या निरोगी गाईचं रक्त दिलं तर सहसा मोठी रिअ‍ॅक्शन येत नाही, चार-पाच लिटर काढून देता येतं. शेजारच्या नानांची गाय तयार होती, नाना स्वतः म्हणाले घ्या. पण गाईला पाडायचं, धरायचं, त्यात तिची धावपळ झाली तर आहे तेवढ्या रक्तावर हृदयाला झेपेल का ही भीती. दुसरा मार्ग, थांबायचं, सलाईन, लोह आणि बी-12, लिव्हर टॉनिक, आणि अजिबात हलवायचं नाही.

डॉक्टरांनी एक रेषा आखून दिली आणि मला ते फार पटलं. गाय उठते-बसते आहे, थोडं का होईना खाते आहे, रवंथ करते आहे तोवर थांबू. ती बसली आणि उठेना, किंवा दोन खाणी सोडली, तर त्याच तासाला फोन करा, रक्त देऊ. नानांची गाय त्यासाठी चार दिवस गोठ्यावरच ठेवली. काय झालं की काय करायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे घरातले निदान झोपले तरी. आजी नाही झोपल्या, त्या बाज टाकून गोठ्यातच होत्या.

पाणी पण सोडायचं नव्हतं. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातूनच जातं, पाणी कमी पडलं तर मूत्रपिंड बिघडतं. कांद्याच्या शेवटच्या वाफ्याचं पाणी तोडून गोठ्याच्या हौदाला दिलं. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा धारेऐवजी एकदाच, तीही कासेचा ताण जाईल एवढीच.

आणि चारा. आता मुरघास घ्यायलाच लागला, त्याच भावाने, वर गाडीभाडं. त्यासाठी दोन्ही बोकड विकले. बकरी ईदला महिना-सव्वा महिना बाकी होता, थांबले असते तर चांगला भाव मिळाला असता. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधल्या दिवशी बोकड गेले, घरात आमरस झाला नाही त्या वर्षी.

निकाल

कांदा बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लघवीचा रंग निवळायला लागला. गाय बसून राहिली नाही, रक्त द्यायची वेळ आली नाही. पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन सातच्या जवळ. पापणीला गुलाबी छटा परत यायला महिना लागला, मुलगी रोज उलटून बघायची.

दूध चारपर्यंत खाली गेलेलं, जूनमध्ये दहावर आलं, त्या वेतात 14 परत दिसलं नाही. आणि गाभ राहिला नाही. लघवी साफ झाल्यावर तीन आठवड्यांनी तपासणीत कळलं. रक्त कमी झालं म्हणजे गर्भाला प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे गेला असेल, उन्हामुळे पण जातो, डॉक्टर म्हणाले ठामपणे एकच कारण सांगता येणार नाही. पुढे दिवाळीच्या सुमाराला परत गाभण राहिली, म्हणजे वेत आठ-नऊ महिने लांबलं. पैशात बघायचं तर मुरघासाचे वाचवलेले चार-साडेचार हजार आणि त्यापुढे दूध, बोकडांचा भाव, औषध आणि लांबलेलं वेत मिळून त्याच्या कितीतरी पट.

धाकटीला काहीच झालं नाही. चंद्रीने ढकलल्यामुळे ती वाचली.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलमध्ये फार काही नाही, हे आधी कबूल करायला हवं. एप्रिलमधले सगळे पर्याय महागच असतात. चाऱ्याचा निर्णय सप्टेंबर-ऑक्टोबरचा आहे. चांदवड-येवल्याकडे खरिपाला मका भरपूर होतो, कणसात दाणा दुधाळ-चिकाचा असताना अर्ध्या एकराचा मका कापून, कुट्टी करून, बॅगेत दाबून हवाबंद ठेवला तर 45 दिवसांनी मुरघास तयार आणि उन्हाळ्यात उघडता येतो. दादांचं म्हणणं की तेव्हा मक्याच्या दाण्याचे पैसे दिसत असतात, उन्हाळा दिसत नाही. मला ते समजतं. तरी दोन गाईंपुरत्या बॅगा भरायला अर्धा एकर पुष्कळ होतो.

कांदा घालायचाच असेल तर गव्हाणी वेगळ्या. हा एक बदल फुकट होता, दावं दोन हात लांब बांधलं की झालं. कांदा कुट्टीतून काढून भुश्यात मिसळायचा म्हणजे वेचता येत नाही, एक घमेलं एकदा तरी काट्यावर मोजायचं, आणि गाभण गाईला नकोच. माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्याच्याकडे मोजायला आणि मिसळायला वेळ नाही त्याने गाईला कांदा घालूच नये, आणि कांदा काढणीच्या दिवसात तो वेळ कुणाकडेच नसतो. चिंगळी शेळ्यांना थोडी, बाकी शेणखताच्या खड्ड्यात.

लाल लघवी दिसली की त्याच वेळी बाटलीत धरून ठेवणे, टेंपरेचर घेणे, आणि फोनवर डॉक्टरांना ताप आहे की नाही, व्यायला किती दिवस झाले, पंधरा दिवसांत काय खाल्लं हे तिन्ही सांगणे. गावात डॉक्टर मिळत नसेल तर 1962 ला फोन लागतो, फिरता दवाखाना येतो. यादी सांगताना चारा काय घातला असं स्वतःला विचारू नका, गव्हाणीत हात घालून काय निघतंय ते सांगा, कोबीचा पाला, द्राक्षाची छाटणी, लग्नातलं उरलेलं अन्न, सगळं.

आणि घरातल्या पोरांना तिथे उभं राहू द्या. डॉक्टर आले की आपण त्यांना आत पिटाळतो. इथे उत्तर मुलीकडे होतं.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. नानांच्या गोठ्यात अजून कांदा जातो, कमी, पण जातो, आणि त्यांच्या गाईला आजवर काही झालेलं नाही. दादा त्यांना सांगून थकले. नाना म्हणतात प्रमाणात घातला की काही होत नाही, आणि पुस्तकाप्रमाणे ते बरोबर आहेत. फक्त त्यांचं प्रमाण म्हणजे किती, हे त्यांनी अजून काट्यावर ठेवलेलं नाही, त्यासाठी मी वजनकाटा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे काढणी सुरू व्हायच्या आत.